मोजणी बरोबर, बाकी सगळं चूक

‘सर, शेअर्ड पॉइंटर थ्रेड-सेफ असतो ना?’

रात्री साडेअकराला आलेला हा तुझा मेसेज. त्यामागून जोडलेले हात. त्यामागून कोडची फाइल. प्रश्न विचारलास का रे तू? नाही. होकार मागितलास. बोईसरच्या कारखान्यातला माणूस दुपारपासून तुझ्या मागे लागलाय, आणि सकाळी त्याच्या तोंडावर मारायला तुला एक वाक्य हवंय. ‘आमचे सर पण म्हणाले, पॉइंटर सेफ आहे.’

ते वाक्य मिळणार नाही. आता निमूट ऐक. मध्ये ‘हो पण सर’ नको.

तुझंच काम तुला सांगतो, कारण तू ते सलग बघितलेलं दिसत नाही. एमआयडीसीतला रासायनिक कारखाना. एक थ्रेड रिॲक्टरचं तापमान आणि दाब वाचतो. दुसरा ते ऑपरेटरच्या स्क्रीनवर काढतो. तिसरा, कोणी मर्यादा बदलल्या की नवी फाइल उचलतो, तिचं ऑब्जेक्ट बनवतो आणि ‘चालू मर्यादा’ नावाच्या ग्लोबल शेअर्ड पॉइंटरमध्ये टाकतो. बाकीचे दोघे तोच ग्लोबल पॉइंटर दर सेकंदाला कितीदा तरी वाचतात. मध्ये कुलूप नाही, आडोसा नाही, काही नाही. विचारलं तर म्हणतोस, शेअर्ड पॉइंटर आहे ना, तो बघून घेईल.

कोण बघून घेईल? तुझा काका?

हे तुला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. वर्गात दोन थ्रेड एकच आकडा वाढवतात तेव्हा काय होतं, हे फळ्यावर तूच मांडून दाखवलं होतंस. वाचा, एक मिळवा, परत लिहा. तीन पायऱ्या. दोघांनी २ वाचला, दोघांनी ३ लिहिला, खरं उत्तर ४. मग सोडताना एकेकाने एक वजा केला आणि एक जण ऑब्जेक्ट वापरत असतानाच आकडा शून्यावर आला. मेमरी परत गेली, आणि तो बिचारा परक्याच्या जागेत लिहीत बसला. अख्ख्या वर्गाला समजावलं होतंस. म्हणून तर संताप येतो. न कळणाऱ्याला मी कधी ओरडत नाही, त्याला पुन्हा शिकवतो.

तर शेअर्ड पॉइंटर. २०११ च्या सी प्लस प्लस मानकात तो आला. त्याची मोजणी, म्हणजे किती जण हे ऑब्जेक्ट धरून आहेत तो आकडा, ॲटॉमिक असते. दोन वेगळ्या थ्रेडनी आपापल्या वेगळ्या प्रती बनवल्या आणि सोडल्या, तर आकडा चुकत नाही. ही हमी खरी आहे. आणि हमी एवढीच आहे. तू हे अर्धं वाक्य वाचलंस आणि पुस्तक मिटलंस.

तुमच्या शिरगावात एक समाजमंदिर आहे असं धर. किल्ल्या चार-पाच घरांत. वहीत आकडा, किती किल्ल्या बाहेर आहेत त्याचा. शेवटची किल्ली परत आली की मंदिर पाडायचं, असा ठराव. वही इतकी चोख की दोघांनी एकदम ओढली तरी आकडा बिघडत नाही. बरं. आता एकाच दिवशी त्या हॉलमध्ये एका घराने लग्न लावलं आणि दुसऱ्याने तेरावं घातलं. वही काय करणार? वहीत लिहिलंय, दोन किल्ल्या बाहेर. आणि ते शंभर टक्के खरं आहे. नवरदेवासमोर पिंडदान चाललंय आणि तू वही दाखवतोयस, ‘बघा, आकडा बरोबर आहे.’

हे झालं ऑब्जेक्टच्या आतलं. तुझ्या मर्यादांच्या ऑब्जेक्टमध्ये एक मॅप आहे. वाचणारा थ्रेड त्यातच ‘शेवटचं वाचन’ लिहितो आणि स्क्रीनवाला त्याच वेळी त्यातून फिरतो. तो मॅप सांभाळणं शेअर्ड पॉइंटरचं काम नाही. कधीच नव्हतं. मानकात स्पष्ट लिहिलंय की पॉइंटरवरची क्रिया पॉइंटरपुरतीच धरायची, तो ज्याकडे बोट दाखवतो त्याला ती शिवत नाही. तिथे म्यूटेक्स तू लावायचास. नाहीतर ऑब्जेक्ट एकदा बनलं की कोणी बदलणारच नाही अशी शिस्त ठेवायची. कॉन्स्ट लिहायला पैसे पडत नाहीत.

आणि दुसरं, जे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. किल्ली टांगायचा तो खिळा. जुन्या मंदिराची किल्ली काढून नव्याची टांगायला एकाने हात घातलाय, आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ती उचलायला. वही काय सांगणार त्याच्याबद्दल? तुझा ग्लोबल पॉइंटर म्हणजे तो खिळा आहे. शेअर्ड पॉइंटरच्या पोटात दोन पत्ते असतात, एक ऑब्जेक्टचा आणि एक मोजणीच्या कंट्रोल ब्लॉकचा. दोन. नवं मूल्य टाकताना दोन्ही बदलावे लागतात आणि ते एका दमात बदलत नाहीत. वाचणारा नेमका मध्ये आला तर नवा एक पत्ता आणि जुना एक पत्ता घेऊन जातो. किंवा याहून वाईट: जुन्या कंट्रोल ब्लॉकचा पत्ता वाचला, मोजणी वाढवायला निघाला, तेवढ्यात तिसऱ्या थ्रेडने जुनं सोडलं, आकडा शून्य, ब्लॉक मोकळा. आता हा मेलेल्या ब्लॉकमध्ये एक मिळवतो. अगदी ॲटॉमिक पद्धतीने मिळवतो हो! बेरीज अचूक. जागा दुसऱ्याची.

तुझा प्रोग्राम याच ठिकाणी पडतो. कोअर डंप तूच पाठवलायस. उघडून बघितलास का? स्टॅकमधली सगळ्यात वरची ओळ वाचलीस? मोजणी वाढवणारंच फंक्शन आहे ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

उपाय काय, असं विचारायची तोंडदेखली सभ्यता तरी दाखव. २०११ पासून शेअर्ड पॉइंटर ॲटॉमिक पद्धतीने वाचायला आणि टाकायला वेगळी फंक्शनं होती. लोक ती वापरायला विसरायचे, तुझ्यासारखेच. एका जागी वापरली आणि दुसऱ्या जागी साधं वाचन केलं की सगळं मुसळ केरात. म्हणून २०२० च्या मानकात ती जुनाट ठरवली आणि ॲटॉमिक शेअर्ड पॉइंटर हा वेगळा प्रकारच दिला, की जो साध्या हाताने चुकून वाचताच येऊ नये. तुमचा कंपायलर जुना असेल तर साधा म्यूटेक्स घे. लॉक लाव, प्रत काढ, लॉक सोड, मग त्या प्रतीवर काय हवं ते कर. चार ओळी. चार ओळींसाठी तू एका कारखान्याची रात्रपाळी टांगणीला लावलीस.

आता तुझ्या सबबी. एकेक घेतो. सगळ्या ऐकून आहे मी.

‘सर, कधीतरीच पडतो.’ हे सांगताना तुला हायसं वाटतं, नाही? मला धडकी भरते. रोज पडला असता तर पहिल्या दिवशी सापडला असता. कधीतरी पडणारा प्रोग्राम हा सगळ्यात लबाड. आणि पडला ते नशीब म्हण. पडला नाही आणि मोकळ्या झालेल्या मेमरीतून उचललेला आकडा ‘कमाल दाब’ म्हणून स्क्रीनवर दाखवला तर? ऑपरेटर तो आकडा बघून वाफेचा व्हॉल्व्ह ठरवतो. त्याला शेअर्ड पॉइंटर माहीत नाही, त्याला ती स्क्रीन माहीत आहे. तुझ्या घरापासून उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, १९६९ साली सुरू झालेलं. तुमच्या पट्ट्यातली किती माणसं तिथे नोकरीत म्हातारी झाली. त्यांच्यातल्या एकासमोर जा आणि म्हण, ‘काका, आमचं यंत्र महिन्यातून एकदाच खोटा आकडा दाखवतं.’ तोंड उघडायच्या आत घरी पाठवतील तुला.

‘मी स्क्रिप्ट लावली आहे, पडला की आपोआप उठतो.’ वा! पडतो कशाने ते बघायला तुला तीन आठवडे वेळ नव्हता, पण उठवायची सोय करायला एक संध्याकाळ मिळाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या स्क्रिप्टने झालं काय, तर लक्षण दडलं. ऑपरेटरने तक्रार करणं बंद केलं. तुला वाटलं, सुटलं. स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकायची कला तू फार मेहनतीने कमावलीस. तेवढी मेहनत इकडे केली असतीस तर?

‘माझ्या लॅपटॉपवर आठवडाभर चालवला, काही झालं नाही.’ तुझा लॅपटॉप इंटेलचा. कारखान्यातल्या पॅनेलमध्ये बसवलेला बोर्ड एआरएमचा. हे दोन प्रोसेसर मेमरीतली लिखापढी एकाच क्रमाने दुसऱ्या कोअरला दाखवत नाहीत. इंटेलचा नियम कडक. बऱ्याच चुका तो पोटात घालतो. एआरएम सैल आहे, तू मागितलास तेवढाच क्रम देतो. आणि इथे तुझ्या दुसऱ्या पराक्रमाकडे येऊ.

फाइलमध्ये खाली एक ‘फास्ट पॉइंटर’ नावाचा क्लास सापडला. स्वतः लिहिलेला. वर शेरा, शेअर्ड पॉइंटर स्लो आहे म्हणून. मोजलंस का रे किती स्लो आहे? नाही मोजलंस. कुठेतरी ऐकलंस. बरं, लिहिलास तर लिहिलास, आत मोजणी कशी? व्होलटाइल इंट! व्होलटाइलचा आणि थ्रेडचा सी प्लस प्लसमध्ये काडीचा संबंध नाही, हे मी किती वेळा सांगितलं? तो शब्द कंपायलरला एवढंच सांगतो की वाचन-लेखन गाळू नकोस. तीन पायऱ्यांची एक पायरी तो करत नाही. तुझ्या फळ्यावरचं गणित तूच पुसलंस.

मग कोणीतरी सांगितलं असेल, म्हणून पुढच्या आवृत्तीत ते ॲटॉमिक केलंस. आणि काय लिहिलंस? आधी एक वजा. पुढच्या ओळीत, आकडा शून्य आहे का ते पुन्हा वाच. शून्य असेल तर डिलीट. डोकं ठिकाणावर आहे का? दोन थ्रेड शेवटचे दोन हात सोडतायत. एकाने वजा केला, राहिला १. दुसऱ्याने वजा केला, राहिला ०. आता दोघंही वाचतायत. दोघांनाही शून्य दिसतो. दोघंही डिलीट करतायत. वजाबाकी करणारी ॲटॉमिक क्रिया स्वतःच आधीचा आकडा परत देते, तो १ होता का एवढंच बघायचं असतं. तो तुझ्या हातात आला होता. तू टाकून दिलास आणि पुन्हा मागायला गेलास.

आणि हे सगळं ‘रिलॅक्स्ड’ क्रमाने! कुठून उचललंस? सांगतो कुठून. आकडा वाढवताना रिलॅक्स्ड चालतो, हे कुठेतरी वाचलंस. खरं आहे ते. ज्याच्या हातात आधीच एक प्रत आहे तोच दुसरी बनवतोय, ऑब्जेक्ट कुठे जात नाही, क्रमाची गरज नाही. पण कमी करताना? तिथे रिलीज लागतो, आणि जो शेवटचा त्याने नष्ट करण्याआधी अक्वायर करायचं असतं. का? कारण दुसऱ्या थ्रेडने हात सोडण्याआधी ऑब्जेक्टमध्ये जे लिहिलं ते सगळं डिस्ट्रक्टर चालवणाऱ्याला दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तो अर्धवट अवस्थेतलं ऑब्जेक्ट मोडायला घेतो. इंटेलवर अशी वजाबाकी करणारी सूचना स्वतःच पक्का अडसर घालते, म्हणून तुझी चूक झाकली गेली. एआरएमवर कोण झाकणार? रस्ट भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतल्या आर्कचा, म्हणजे तिथल्या शेअर्ड पॉइंटरचा, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. हा रिलीज आणि हा अक्वायर तिथे कारणासकट लिहून ठेवलाय. दहा मिनिटांचं वाचन. शिरगावच्या किनाऱ्यावर बसून रील बघण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो.

स्लो म्हणालास म्हणून अजून एक. तुझा पॉइंटर स्लो नाही, तुझी वापरण्याची रीत स्लो आहे. प्रत्येक फंक्शनला शेअर्ड पॉइंटरची प्रत का देतोस? तापमानाचं सेल्सिअस करणाऱ्या फंक्शनला त्या ऑब्जेक्टच्या आयुष्याशी काय देणंघेणं? स्ट्राउस्ट्रप आणि सटर यांच्या सी प्लस प्लस मार्गदर्शक नियमांत लिहिलंय, आयुष्याबद्दल काही सांगायचं असेल तरच स्मार्ट पॉइंटर पॅरामीटर म्हणून घ्या. नाहीतर साधा रेफरन्स द्या. तू दर सेकंदाला हजारो वेळा आकडा वर-खाली करतोस. तो आकडा ज्या कॅश लाइनमध्ये आहे ती या कोअरकडून त्या कोअरकडे धावत राहते. मग म्हणतोस, ॲटॉमिक महाग आहे. नाचता येईना आणि अंगण वाकडं.

एका जागी तर तू मोजणीच वाचून निर्णय घेतलायस. ‘यूज काउंट एक असेल तर सरळ ऑब्जेक्टमध्येच बदल कर, नाहीतर प्रत काढ.’ हुशारी वाटली असेल. वाचलास तेव्हा एक होता. पुढच्या ओळीपर्यंत? ग्लोबलमधून दुसऱ्याने तेवढ्यात प्रत घेतली तर? आणि समजा कोणी घेतली नाही, तरी ज्याने नुकताच हात सोडला त्याचं लिखाण तुला दिसेलच याची हमी त्या वाचनात नाही. याच कारणाने ‘मी एकटाच आहे का’ विचारणारं यूनिक हे फंक्शन २०१७ च्या मानकात जुनाट ठरवलं आणि २०२० मध्ये काढूनच टाकलं. तुला ते सापडलं नाही म्हणून तू तेच हाताने पुन्हा बांधलंस! हीच वाट जीसीसीच्या लायब्ररीतल्या स्ट्रिंगने धरली होती, अक्षरं वाटून घ्यायची आणि मोजणी बघून प्रत काढायची. २०११ च्या नियमांनंतर ती सोडावी लागली, आणि २०१५ मध्ये जीसीसी ५ बरोबर नवी स्ट्रिंग आली. जाणती माणसं ज्या रस्त्यावरून परत फिरली, त्यावर तू गाडी घातलीस, तीही दिवे बंद करून.

‘मग सर, रस्टमध्येच लिहितो सगळं.’ हो, ही सबब येणार हे माहीत होतं. लिही की. रस्टमध्ये दोन वेगळे प्रकार आहेत: साध्या मोजणीचा आरसी आणि ॲटॉमिक मोजणीचा आर्क. आरसी दुसऱ्या थ्रेडकडे पाठवायला गेलास तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. कंपायलर तिथल्या तिथे हात धरतो. आणि आर्कच्या आत काहीही कोंबून चालत नाही. आतली वस्तू थ्रेडमध्ये वाटण्याजोगी नसेल तर तेही अडवतो. सी प्लस प्लसमध्ये जे तुझ्या डोक्यात असायला हवं होतं ते तिथे भाषेच्या प्रकारांत आहे. उत्तम. पण तुझ्या सरावाच्या रस्ट कोडमध्ये मी काय बघितलं? ‘अनसेफ इम्पल सेंड’. खाली ‘अनसेफ इम्पल सिंक’. का? ‘एरर येत होती म्हणून.’ राखणदाराने आरोळी दिली, तर तू त्याच्याच तोंडात बोळा कोंबलास! आणि भाषा बदलून ते डोकं बदलणार आहे?

रस्टवाल्यांनाही हे फुकट मिळालं नाही. २०१५ च्या मे महिन्यात पहिली आवृत्ती यायच्या थोडं आधी त्यांना कळलं की मोजणीच्या पॉइंटरांचं चक्र झालं तर आकडा शून्यावर येतच नाही, थ्रेड संपण्याची वाट बघणारा पहारेकरी कधीच नष्ट होत नाही, आणि त्यांची स्कोप्ड थ्रेडची सोय असुरक्षित ठरते. त्यांनी काय केलं? ‘कधीतरीच होतं’ म्हणाले? सोय काढून टाकली. वेगळ्या रचनेची, निर्दोष अशी ती प्रमाणित लायब्ररीत परत आली २०२२ मध्ये.

आणि ॲटॉमिक केलं की सुटलो, असं जे तुझ्या मनात अजून आहे, त्यावर लिनक्स कर्नलचं उदाहरण घे. तिथली मोजणी ॲटॉमिकच होती. तरी २०१६ च्या जानेवारीत कीरिंगमधली, म्हणजे प्रक्रियांच्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या सोयीतली, एक चूक उघडकीला आली. प्रक्रियेने आपल्याजवळ आधीच असलेलं कीरिंग पुन्हा मागितलं, तर एका वाटेने परत फिरताना घेतलेला हात सोडायचाच राहून जायचा. दर वेळी आकडा एकाने वाढलेला. ३२ बिटांचा आकडा, ४२९ कोटींच्या पुढे गेला की गोल फिरून शून्यावर. मग ऑब्जेक्ट मोकळं, वापरणारा अजून वापरतोय, आणि हल्लेखोराला रूट अधिकारापर्यंत वाट. एकही बेरीज चुकली नव्हती. एक वजाबाकी कोणीतरी लिहायला विसरला होता. त्यानंतर २०१७ मध्ये ४.११ आवृत्तीत कर्नलने मोजणीसाठी वेगळा प्रकारच आणला, जो टोकाला गेला की गोल फिरत नाही, तिथेच अडकून बसतो. मेमरी गळाली तर गळू दे, पण मेलेल्याला जिवंत समजून कोणी हात लावू नये.

हे लोक आपल्या कोडकडे असं बघतात. पायथॉनवाल्यांनी तर वर्षानुवर्षं एकच मोठं कुलूप ठेवलं, जीआयएल, कारण प्रत्येक ऑब्जेक्टची मोजणी साधी होती आणि ती ॲटॉमिक केली की एकाच थ्रेडचे प्रोग्रामही मंदावतात. ते कुलूप काढायला सॅम ग्रॉस यांना मोजणीचीच रचना बदलावी लागली, मालक थ्रेडचा आकडा वेगळा आणि इतरांचा वेगळा. २०२४ च्या ऑक्टोबरात ३.१३ बरोबर ते बाहेर आलं, तेही ‘प्रायोगिक’ अशी पाटी लावून. तू तुझ्या फास्ट पॉइंटरवर कुठली पाटी लावलीस? ‘फायनल’. फाइलचं नाव वाचलं मी. फायनल टू.

‘सर, आमच्यासारख्यांना कोण सांगणार हे सगळं, आम्ही पालघरकडचे, इंग्रजी...’ पुरे! हे मात्र ऐकून घेणार नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तू इंग्रजीतच वाचलंस आणि पहिला आलास. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी पवईच्या आयआयटीत बसून हीप मेमरीच्या आयुष्यावर काम केलं. २००७ मध्ये ते एसीएमच्या नियतकालिकात छापून आलं. कोणीतरी वस्तू धरून आहे याचा अर्थ तो ती पुढे वापरणार आहे असा नाही, आणि प्रोग्राम नुसता वाचून हा फरक आधीच कसा ओळखायचा, यावरचं ते काम. तुझ्या मोजणीचा हाच तर आंधळेपणा आहे. तुला वाचायला दिलं होतं मी. उघडलंस? पवई काही सातासमुद्रापार नाही. गाव आड येत नाही रे, आळस आड येतो. आणि आळसाला गावाचं नाव देणं हा गावाचा अपमान आहे. सातपाटीची माणसं पहाटे दर्यावर जातात, त्यांच्या शेजारी राहतोस तू.

अजून एक विचारतो. थ्रेड सॅनिटायझर चालवलास? नाही. का नाही? ‘प्रोग्राम पाच-पंधरा पट मंद होतो.’ होतो. मेमरीही कित्येक पट खातो. मग? तुला तो कारखान्यात चालवायला कोण सांगतंय? घरी चालव. जीसीसीत आणि क्लँगमध्ये एका पर्यायावर मिळतो, दहा वर्षांहून जास्त काळ. प्रोग्राम पडायची वाट बघत नाही तो; दोन थ्रेड एकाच जागेला बिनकुलपाने शिवले की कुठल्या ओळीत कोण ते सांगतो. तुझा ग्लोबल पॉइंटर पहिल्या मिनिटाला पकडला असता. मात्र जी वाट त्या दिवशी चाललीच नाही ती त्याला दिसत नाही, हेही लक्षात ठेव, नाहीतर उद्या त्याचा कोरा अहवाल दाखवून पुन्हा होकार मागशील.

सकाळी कारखान्यात फोन कर आणि खरं सांग: चूक आमची आहे, स्क्रीनवरच्या मर्यादा पॅनेलवरच्या गेजशी ताडून बघा, दुरुस्ती येईपर्यंत चालू बॅचमध्ये मर्यादांची फाइल बदलू नका. बोलणी बसतील. खा. फास्ट पॉइंटर पूर्ण काढ, दुरुस्त करत बसू नकोस. ग्लोबलला ॲटॉमिक प्रकार नाहीतर म्यूटेक्स. मर्यादांचं ऑब्जेक्ट कॉन्स्ट. ‘शेवटचं वाचन’ त्यातून बाहेर, वेगळ्या कुलपाखाली.

हे सगळं झालं तरी एक गाठ उरते, ती मी सोडवून देणार नाही. जुन्या मर्यादांचा शेवटचा पॉइंटर कुठल्या थ्रेडवर सुटतो? तू ठरवलेलं नाहीस. जो शेवटचा उरेल त्याच्यावर. आणि तुझ्या डिस्ट्रक्टरमध्ये काय आहे? लॉगची फाइल बंद करणं, आणि त्याआधी लॉगचं कुलूप मागणं. आता समज, शेवटचा उरला स्क्रीनवाला थ्रेड, आणि त्या क्षणी लॉगचं तेच कुलूप त्याने स्वतःच धरून ठेवलंय. काय होईल ते कागदावर मांड. ओळींचे नंबर घालून. मग फोन कर.